छायाचित्रांचा विषय : घोडा (चौथऱ्यावरचा आणि रस्त्यावरचा)

रानजाई

या महिन्याचा विषय घोडा. प्रत्येकाने दोन फोटो द्यायचे. एक सार्वजनिक जागेतल्या कलाकृतीतला: पुतळा, भिंतीवरचं चित्र, देवळाचं शिल्प, गावच्या वेशीवरचा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड), काहीही चालेल. दुसरा हाडामांसाचा किंवा रोजच्या वापरातला: वरातीचा, टांग्याचा, माथेरानचा, जत्रेतल्या चक्रीवरचा, पोराच्या हातातला लाकडी. दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्यावर त्यांच्यात काहीतरी नातं दिसायला हवं, आणि ते का जोडलेत हे खाली चार ओळींत लिहायचं. नुसते फोटो टाकून जाऊ नका, एवढीच विनंती.

घोडाच का, तर आपल्याकडे शहर असो की तालुक्याचं गाव, अश्वारूढ पुतळा बहुतेक ठिकाणी असतोच. आपण त्याच्यासमोर थांबतो ते स्वारासाठी, आणि ते बरोबरच आहे, पुतळा त्याच्यासाठीच उभारलेला असतो. पण शिल्पकाराची मोठी मेहनत घोड्यावर गेलेली असते. लगाम खेचल्यामुळे उघडलेलं तोंड, फुललेल्या नाकपुड्या, मानेवरच्या घड्या, पोटाखालची शीर. चौकाचौकात हे उघड्यावर बघायला ठेवलंय आणि आपण रोज त्याला वळसा घालून कामावर जातो. एक महिना तिथे मान वर करून बघूया.

सुरुवात मी करते.

फोटो १. मुंबईचा काळा घोडा, सकाळी, रहदारी सुरू व्हायच्या आधी. हा २०१७ साली बसवलेला नवा घोडा. शिल्पकार श्रीहरी भोसले, आराखडा वास्तुविशारद अल्फाज मिलर यांचा. पाठीवर कोणी नाही. ज्याच्यामुळे या भागाला नाव मिळालं तो मूळ पुतळा प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे नंतरच्या सातव्या एडवर्डचा. त्याच्या १८७५ च्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी तो जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराकडून करवून घेतला आणि १८७९ मध्ये तो इथे उभा राहिला. १९६५ मध्ये तो हलवला, आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. लोकांनी त्या जागेला राजपुत्राच्या नावाने कधी ओळखलंच नाही, घोड्याच्या नावाने ओळखलं. आणि इतक्या वर्षांनी तिथे परत आला तोही एकटा घोडाच. मला हे फार आवडतं.

फोटो २. गिरगावात वरात संपल्यानंतरचा घोडा. नवरदेव हॉलमध्ये गेलाय. घोडेवाल्याने झूल घडी करून खांद्यावर टाकलीय, डोक्यावरचा तुरा अजून तसाच आहे, आणि दोघं सिग्नलला टॅक्सीच्या मागे उभे आहेत. घोड्याच्या गळ्यातल्या हाराची अर्धी फुलं गळलीत. मागच्या दुकानाचा पांढरा दिवा त्याच्या पाठीवर नेमका तिथे पडलाय जिथे तासाभरापूर्वी नवरा बसला होता.

दोन्ही फोटो रिकाम्या पाठीचे. कोणी बसलेलं नसलं की घोडा किती वेगळा दिसतो, ते मला दाखवायचं होतं.

माणदेशी_वाटसरू

रानजाईताई, विषय झकास. दुसरा फोटो तर खूपच आवडला. घोडेवाल्याचा चेहरा अंधारात ठेवलात ते मुद्दाम का?

आणि एक जुनी शंका विचारून घेतो. लहानपणापासून ऐकत आलोय की पुतळ्यातल्या घोड्याचे चारही पाय जमिनीवर असतील तर स्वार नैसर्गिकपणे गेला, एक पाय वर असेल तर जखमांमुळे, आणि दोन्ही पाय वर असतील तर रणांगणावर. हे खरं आहे का? आमच्या शाळेच्या सहलीत गुरुजींनीसुद्धा सांगितलं होतं.

रानजाई

चेहऱ्याबद्दल: त्यांना विचारलं होतं. घोड्याचा काढा, माझा नको, म्हणाले. म्हणून प्रकाश घोड्यावर असताना काढला.

पायांचं उत्तर ओतकाम यांनीच द्यावं. त्यांनी आयुष्य फाउंड्रीत काढलंय.

ओतकाम

हा नियम भारतात नाही, आणि ज्या देशांतून तो आला असं सांगतात तिथेही तो पाळलेला दिसत नाही. महाराष्ट्रातलं एकच उदाहरण पुरे. कोल्हापूरला कावळा नाक्यावर महाराणी ताराराणींचा पुतळा आहे, शिल्पकार रवींद्र मेस्त्री. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत. त्या नियमाप्रमाणे महाराणींना रणात मरण आलेलं असायला हवं. त्या १७६१ मध्ये साताऱ्यात, ऐंशी ओलांडल्यावर गेल्या.

पाय वर का, याचं खरं उत्तर शिल्पकाराच्या मनात आणि वजनाच्या हिशेबात असतं. शांत, राज्यकर्ता दाखवायचा तर चाल संथ ठेवतात. झेप दाखवायची तर घोडा मागच्या पायांवर उभा करतात आणि मग खरी कसोटी लागते, कारण इतक्या टनांचं कांस्य दोन घोट्यांवर तोलायचं असतं. घोड्याचा घोटा मनगटापेक्षा थोडा जाड, एवढाच. म्हणून पुढचा भाग पोकळ आणि पातळ ओततात, मागचा भरीव आणि जड ठेवतात. पायांच्या आतून पोलादी गज खाली चौथऱ्यात खोल उतरवून पक्के करतात. माद्रिदमध्ये चौथ्या फिलिपचा पुतळा आहे, पिएत्रो ताक्काने १६४० मध्ये पुरा केलेला. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला एवढा मोठा कांस्य घोडा त्याआधी कोणी केला नव्हता. तोलासाठी गॅलिलिओचा सल्ला घेतला असं तिथे सांगतात. त्यातही शेपटीचा टेकू आहे. सेंट पीटर्सबर्गला फाल्कोनेच्या १७८२ च्या पुतळ्यात घोड्याच्या पायाखाली साप आहे. तो शत्रूचं प्रतीक म्हणून तर आहेच, पण शेपूट त्यावर टेकते, आणि त्या टेकूशिवाय घोडा उभा राहिला नसता.

तेव्हा फोटो काढणाऱ्यांना माझं सांगणं: दोन पायांवरच्या घोड्याचा फोटो काढायचा तर आधी शेपूट बघा. ती जमिनीला टेकलीय की हवेत आहे, टेकली असेल तर शिल्पकाराने ती झाकली कशी, झुडूप केलंय, खडक केलाय की कापडाचा सोगा सोडलाय. समोरून हे कधीच दिसत नाही. मागे जा. पुतळ्यामागे सहसा कोणी जात नाही.

दुसरं, जोड बघा. मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांत ओततात आणि मग जोडतात. आधी मातीचं मूळ काम, त्यावर साचा, साच्यातून मेणाची प्रत, मेण वितळवून त्या जागी धातू, मग जोडणी, तासणी, आणि शेवटी रसायनांनी रंग चढवायचा, ज्याला आम्ही पटिना म्हणतो. काम चांगलं असेल तर जोड सापडत नाही. घाईचं असेल तर छातीच्या बाजूने आणि मांडीच्या मुळाशी एक रेघ दिसते. तिरक्या उन्हात, सकाळी नाहीतर संध्याकाळी, ती रेघ लगेच उघडी पडते. पावसाळ्यानंतर जोडावर हिरवट ओघळ आलेले असतात, तेही फोटोत सुंदर येतात.

पुण्यात राहणाऱ्यांनी शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवरायांचा पुतळा बघितल्याशिवाय या विषयात भाग घेऊ नये, असं मी हक्काने म्हणतो. वि. पां. करमरकर, १९२८. त्या घोड्याची मान बघा. मानेच्या स्नायूंत पुढे जायची घाई आहे, लगामाने ती अडवलीय, आणि महाराज मात्र निवांत बसलेत. सगळा जोर घोड्यात ठेवून स्वाराला शांत ठेवण्याचं हे कसब मी आजवर दुसऱ्या कुठल्याही अश्वारूढ पुतळ्यात बघितलेलं नाही. आवार शाळेचं आहे, आधी परवानगी घ्या. आणि जमलं तर अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांच्या घरातलं संग्रहालयही बघून या. अंगणात, व्हरांड्यात माणसं आणि जनावरं बसलेली आहेत, सगळी त्यांच्या हातची.

माणदेशी_वाटसरू

ताराराणींचं उदाहरण पटलं. पुढच्या वेळी कोणी तो नियम सांगायला लागलं की हेच सांगणार.

पहिलाधडा

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. चौकातल्या पुतळ्याचा फोटो काढला की पुतळा काळाठिक्कर आणि आकाश पांढरंफटक. वर विजेच्या तारा. काय करू?

रानजाई

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: आपण खालून, जवळून आणि भर दुपारी काढतो.

पुतळा गडद, मागे उजेडाचं आकाश, त्यामुळे कॅमेरा आकाश सांभाळतो आणि घोडा बुडतो. मोबाइलवर घोड्याच्या मानेवर बोट टेकवा, मग जो सूर्याचा छोटा आकार दिसतो तो वर सरकवा. आकाश गेलं तर जाऊ दे, मानेवरचे केस दिसायला हवेत. कॅमेरा असेल तर एक ते दीड स्टॉप जास्त, म्हणजे उजेड दुपटीपासून जवळजवळ तिपटीपर्यंत वाढवा. त्याहून सोपं म्हणजे सकाळी जा, ऊन पुतळ्याच्या अंगावर आडवं येत असताना. पाऊस पडून गेल्यावर तर लगेच जा, ओलं कांस्य चमकतं आणि आकाश राखाडी असतं, त्यामुळे दोन्ही एकदम सांभाळता येतं.

अगदी खाली उभं राहिलं की घोड्याचं पोट तेवढं मोठं दिसतं आणि डोकं हरवतं. रस्ता ओलांडा, पलीकडच्या फुटपाथवर जा, शक्य असेल तर ओळखीच्या दुकानाच्या पहिल्या मजल्यावर जा आणि झूम करा. तारा आपोआप बाजूला होतात. नाहीच झाल्या तर राहू द्यात. पुतळा तारांमध्येच राहतो, तो फोटो खोटा नाही.

क्लाइडकाठ

मी गेली काही वर्षं ग्लासगोत आहे. इथला फोटो चालेल ना?

फोटो १. ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा अश्वारूढ पुतळा, आधुनिक कलेच्या संग्रहालयासमोर. मारोकेती या शिल्पकाराचं १८४४ चं काम. ड्यूकच्या डोक्यावर रस्त्यावर ठेवतात तो नारिंगी शंकू आहे. घोड्याच्याही. (आपल्या इतिहासात हाच वेलिंग्टन १८०३ च्या असईच्या लढाईतला वेलस्ली, हे इथल्या मित्रांना सांगितलं की ते चकित होतात.) रात्री कोणीतरी चढून शंकू ठेवतं, नगरपालिका काढते, परत कोणीतरी ठेवतं. हे कित्येक वर्षं चाललंय. २०१३ मध्ये कोणाला चढता येऊ नये म्हणून चौथरा उंच करायचा बेत झाला, तर लोकांनी इतका विरोध केला की तो सोडून द्यावा लागला. शहराची ओळख आता तो शंकूवाला ड्यूक आहे, पोस्टकार्डांवरही तसाच छापतात.

फोटो २. जवळच फॉल्कर्कला केल्पीज आहेत, अँडी स्कॉट यांनी केलेली घोड्यांची दोन प्रचंड डोकी, पोलादाच्या पत्र्यांची, ३० मीटर उंच. २०१३ मध्ये उभी राहिली. नमुना म्हणून क्लाइड्सडेल जातीचे दोन खरे घोडे घेतले होते. एके काळी कालव्यावरून मालाच्या होड्या काठाने चालणारे घोडेच ओढत. हा पोलादी घोडा त्या ओझ्याच्या घोड्यांसाठी आहे. माझ्या फोटोत एक आजोबा कालव्याकाठी कुत्र्याला फिरवताहेत आणि मागे ती मान आकाशात गेलीय. जिवंत घोडा नाही, पण रोजचा क्षण आहे, म्हणून दुसऱ्या फोटोत धरा.

आपल्याकडे पुतळ्याच्या अंगावर कोणी चढलं तर काय होईल याची कल्पना आहे, आणि ते योग्यच आहे, आपले पुतळे पूजेच्या जागी आहेत. पण कष्टाच्या घोड्यासाठी एवढं मोठं शिल्प उभारावं हा विचार मला इथे आल्यावर भेटला.

ओतकाम

पत्र्यांच्या फटींतून आकाश दिसतं तिथे तुम्ही नेमका फोटो थांबवलात. वा. डोळ्याजवळ आणखी एक काढा, संध्याकाळी आतले दिवे लागल्यावर.

नीरेकाठचा

माझे दोन.

फोटो १. आमच्या गावच्या वेशीबाहेर वडाखाली उभा असलेला वीरगळ. तीन चौकटी. खालच्या चौकटीत लढाई आहे, घोड्यावरचा वीर, हातात भाला, समोर दोन पायदळी. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि डोक्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत त्याची कीर्ती. लिहिलेलं काहीच नाही, त्यामुळे वीर कोण हे गावात कोणालाही माहीत नाही. त्याला घोडेदेव म्हणतात, शेंदूर लावतात, आणि अमावस्येला नारळ फोडतात.

ओतकाम म्हणाले तसं घोड्याकडे बघत बसलो. पिढ्यान्‌पिढ्या लावलेल्या तेला-शेंदराने वीराचा चेहरा पार गुळगुळीत झालाय, नाक-डोळे राहिलेच नाहीत. घोड्याचा कान मात्र अजून टोकदार आहे, कारण तो दगडाच्या आतल्या बाजूला कोरलाय आणि हात तिथे पोचत नाही.

वीरगळाचा फोटो काढणाऱ्यांना: समोरून उजेड टाकू नका, कोरीव काम सपाट दिसतं. सूर्य उगवताना किंवा मावळताना जा. तशी वेळ मिळत नसेल तर कोणाला तरी बाजूला आरसा धरायला सांगा आणि ऊन दगडावर घासून जाऊ द्या. उठाव यावा म्हणून दगडावर पाणी, तेल, खडू काहीही घालू नका. कोणी तसं करताना दिसलं तर थांबवा.

फोटो २. वारीतलं रिंगण. माउलींचा अश्व.

हा फोटो मला का महत्त्वाचा वाटतो ते जरा सविस्तर सांगतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर दोन अश्व असतात. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून ते निघतात आणि चालत आळंदीला येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीच बसत नाही. खोगीर घातलेलं असतं, झूल असते, पण पाठ मोकळी, कारण तिथे माउली बसलेत. वाटेत पहिलं उभं रिंगण (दोन्ही बाजूंना वारकरी, मधून अश्व धावतात) चांदोबाच्या लिंबाला लागतं. गोल रिंगणं पुढे, पुरंदावड्यापासून.

गोल रिंगणात मधोमध पालखी, भोवती दिंड्या, आणि बाहेर मोकळी सोडलेली वर्तुळाकार वाट. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस आणि हंडे घेतलेल्या बायका, मग पखवाजवाले, विणेकरी. साठीच्या आज्या डोक्यावरचं वृंदावन एका हाताने सावरत अशा पळतात की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि मग अश्व सुटतात. आधी स्वाराचा, मागून माउलींचा. माउलींचा अश्व पुढच्याला गाठतो तेव्हा जो गजर होतो तो छातीत घुमतो.

फोटोपुरतं बोलायचं तर अश्व समोरून जातो तो क्षणभर. एक हजारांश सेकंदाचा वेग ठेवला तर चारही खूर हवेत स्वच्छ मिळतात. मी मुद्दाम एक तिसांश ठेवला आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवला. त्यामुळे मागची हजारो माणसं पांढऱ्या टोप्यांचा एक पट्टा झाली आणि डोकं तेवढं धारदार राहिलं. पाठीवरची रिकामी जागा फोटोच्या बरोबर मध्ये आहे. अश्व गेल्यावर लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला धावतात, तेव्हा कॅमेरा खाली करा आणि बाजूला व्हा. त्या धावण्याच्या आड येऊ नका.

रानजाईताईंचा काळा घोडा बघितला आणि हे दोन फोटो शोधून काढले. मुंबईच्या चौथऱ्यावरचा स्वार गेला म्हणून ती पाठ रिकामी आहे. रिंगणातली पाठ भरलेली आहे, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती भरलेली दिसते.

रानजाई

नीरेकाठचे दादा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदानंतर माझे फोटो मी नव्याने बघितले. वीरगळातल्या कानाचा जवळून काढलेला फोटो असेल तर तोही द्या ना.

पाणवठा

सगळे फोटो सुंदर आहेत, पण एक गोष्ट बोलायलाच हवी. आपण पुतळ्यातल्या घोड्याच्या शिरा बघतोय, आणि वरातीतल्या घोड्याच्या बरगड्या बघायच्या सोडतोय. डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांच्या धुरात, डांबरावर नाल घासत उभा राहिलेला घोडा. त्याचा देखणा फोटो काढला की लोक वाहवा करतात आणि पुढच्या लग्नाला घोडा सांगतात. मुंबईतल्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, त्याचं कारण हेच होतं. या विषयात घोड्याचे हाल दाखवणारे फोटोही यायला हवेत.

तापीकाठ

पाणवठाताई, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. आमच्याकडे आजोबांपासून घोडी आहे, म्हणून थोडं जास्त सांगतो.

घोडा बरा आहे की नाही ते फोटोत दिसतं, बघणाऱ्याला बघता यायला हवं. कान मागे दाबलेले असतील तर तो घाबरलाय नाहीतर चिडलाय. ओठाच्या कोपऱ्यात चट्टा असेल तर लगाम काटेरी आहे. तंगाच्या (खोगीर बांधायच्या पट्ट्याच्या) जागी केस उडालेले असतील तर खोगीर नीट बसत नाही. खूर फुटलेले, नाल झिजलेली, डोळ्यांतून पाणी. हे दिसलं तर तोच फोटो काढा, जवळून काढा, आणि घोडेवाल्याशी बोला. तो नेहमीच निर्दयी नसतो, बऱ्याचदा कर्जात असतो. माथेरानला मोटारी चालत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या घोडेवाले आणि हातरिक्षावाले माणसं वाहत आले. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा आल्या. हातरिक्षा ओढणाऱ्याला त्याने दिलासा मिळाला, घोडेवाल्याला धास्ती. तिथे फोटो काढायला जाल तर दोघांचंही ऐकून या.

आता माझे फोटो.

फोटो १. पुण्यात शनिवारवाड्यासमोरचा बाजीरावांचा पुतळा, मागून, घोड्याच्या शेपटीकडून. ओतकाम यांच्या सांगण्यावरून.

फोटो २. सारंगखेड्याचा घोडेबाजार. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, तापीच्या काठावर एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिच्याबरोबर हा बाजार. देशभरातून मारवाडी, काठेवाडी घोडे येतात. फोटोत एक म्हातारा व्यापारी घोडीचा खालचा ओठ दाबून दात बघतोय. दातावरून वय कळतं. त्यानंतर तो मानेखालचे भोवरे बघणार, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का ते तपासणार, चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी म्हणून भाव चढणार, गुलाबी कातडीचा पांढरा नुकरा असेल तर आणखी. शेवटी पळवून चाल बघणार, रेवाल चालीत स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळता कामा नये. कुमैत, अबलख ही रंगांची नावं तिथल्या दहा वर्षांच्या पोरालाही पाठ असतात.

जोडी का लावली: बाजीरावांचं सगळं युद्ध घोड्यांच्या वेगावर उभं होतं. पुतळ्यात आपण वेग बघतो. बाजारात तो वेग कसा पारखतात ते दिसतं, ओठाखाली अंगठा घालून.

डहाणूची

आमच्याकडचा घोडा राहून जायला नको म्हणून लिहिते. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहितात. सवाशिणी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक काढतात, आणि त्याच्याजवळच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो.

माझा पहिला फोटो शहरातल्या उड्डाणपुलाच्या खांबावरच्या वारली चित्राचा आहे. दोन त्रिकोणांचा घोडा, साच्याने छापल्यासारखा खांबामागून खांब तोच. दुसरा आमच्या पाड्यातल्या लग्नघराच्या भिंतीचा. पीठ अजून ओलं आहे, घोड्याचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब झालेत, कारण काढणाऱ्या मावशीला मध्येच कोणीतरी हाक मारली आणि ती परत येऊन जिथून आठवलं तिथून पुढे गेली. खांबावरचं चित्र वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, त्यामुळे निदान घोडा तिथे पोचला. पण ज्यांनी तो खांब रंगवला त्यांनी आमच्या भिंती कधी पाहिल्या असतील का, हे मला विचारावंसं वाटतं.

पहिलाधडा

डहाणूची ताई, ओल्या पिठाचा फोटो अप्रतिम. एक विचारतो. या सगळ्या फोटोंचं पुढे प्रदर्शन करायचं ठरलं, किंवा दिनदर्शिका छापली, तर पुतळ्यांच्या आणि चित्रांच्या कलावंतांची परवानगी लागेल का?

अक्षांश

मी वकिली करतो, म्हणून मोजकं सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. सार्वजनिक जागी, किंवा लोकांना जाता येतं अशा आवारात कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हे हक्कभंगात मोडत नाही. इमारतींनाही तशीच सूट आहे. पण त्या कलमात रंगवलेल्या चित्राचा उल्लेख नाही. म्हणजे काळ्या घोड्याचा फोटो निर्धास्त छापा, खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या चित्राचा फोटो विकण्यासाठी छापायचा असेल तर चित्रकाराला विचारा आणि नाव छापा. लग्नघरातला चौक तर घरच्यांच्या संमतीशिवाय छापूच नये, कायदा काहीही म्हणो.

कलावंताचं नाव घालायला मात्र कायद्याची वाट बघू नका. पुतळ्याच्या चौथऱ्यावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं, शिल्पकाराचं शोधावं लागतं. प्रत्येक फोटोखाली शिल्पकार, साल, ठिकाण, एवढं या धाग्यात सगळ्यांनी पाळावं असं सुचवतो.

आणि संरक्षित स्मारकात तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा, दारावर अडवतात.

रानजाई

सूचना मान्य. ज्यांच्या फोटोखाली शिल्पकाराचं नाव नाही त्यांनी शोधून घाला. चौथऱ्यावर नसेल तर नगरपालिकेच्या जुन्या स्मरणिकेत, जिल्हा ग्रंथालयात, किंवा गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे सापडतं.

पाणवठा, तुमचे फोटो वाट बघताहेत. वरातीतल्या घोड्याचा, तुम्हाला जसा दिसतो तसा.

पाणवठा

देते. रविवारी आमच्या गल्लीत लग्न आहे. घोडेवाल्याशी आधी जाऊन बोलणार आहे, पाण्याची बादली घेऊन.

माणदेशी_वाटसरू

तापीकाठ दादा, यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याला यायचा विचार पक्का आहे. राहायची सोय काय, आणि कॅमेरा घेऊन बाजारात हिंडलं तर चालतं का?

तापीकाठ

या की. रेल्वेने दोंडाईचाला उतरा, तिथून शहाद्याच्या रस्त्यावर सारंगखेडा लागतं, एसटी मिळते. राहायला शहादा किंवा दोंडाईचा बरं, यात्रेत गर्दी फार असते. पहाटे या. घोड्यांना खरारा करून न्हाऊ घालतात ती वेळ फोटोला सगळ्यात चांगली. कॅमेऱ्याला कोणी नाही म्हणत नाही, फक्त घोड्याच्या मागून जवळ जाऊ नका, फ्लॅश मारू नका, आणि सौदा चालू असताना भाव विचारू नका. घोड्याचं नाव विचारा. मालक खुश होतो आणि स्वतःच घोडा उन्हात आणून उभा करतो.